संगणकाच्या दुकानापुढचा नारळाचा दगड

मी एक जुना काळा दगड आहे. हसू नका मित्रांनो! दगडाला कसलं आलंय आत्मवृत्त, असंच वाटलं ना? निलंग्यात शिवमूर्ती अप्पांच्या संगणकाच्या दुकानापुढं मी बसतो. मी झेलतो तेवढे नारळ डोक्यावर झेलून दाखवा, मग हसा.

पाथरवटानं मला खाणीतून काढलं, छिन्नीनं चौकोनी केलं आणि अप्पांच्या घरी आणून टाकलं. तिथं मी धुण्याचा दगड झालो. अप्पांच्या पत्नी चतुराबाई माझ्यावर धोतरं आपटायच्या. पुढं घरात वॉशिंग मशीन आलं आणि मी परसात पडून राहिलो. फार वाईट वाटायचं हो! पालींशिवाय बोलायला कुणी नाही. मग अप्पांनी दुकान काढलं आणि मला पायरीशी आणून बसवलं. आमच्याकडं यंत्र घरी न्यायचं म्हणजे हळदीकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा. नारळाचं गार पाणी अंगावरून ओघळलं की मी खूश!

अप्पांची लेक वर्षाराणी पुण्यात नोकरीला होती. तिचं काम मोठं मजेचं. संगणकाच्या पोटात चिप असते. नवे संगणक जास्त खपले की चिप बनवणाऱ्या कंपनीची कमाई वाढते. परदेशातल्या अशाच एका कंपनीची तीन महिन्यांची कमाई वाढेल की घटेल, हे ती निकालाआधीच सांगायची. पण पुण्यात तिला करमेना. साहेब म्हणाले, "या वेळचा अंदाज गावी बसून कर. बरोबर आला तर तिथंच राहा, चुकला तर परत ये."

ती आली आणि माडीवर बसून कामाला लागली. धर्माबाद, कंधार, थेट हैदराबादपर्यंतच्या दुकानदारांना फोन करी, अप्पांनाही विचारी. सगळे एकच सांगत, "ताई, गर्दी लई हाय." आणि खाली माझ्या डोक्यावर तर फटाफट नारळ फुटत होते.

एका सकाळी ती खाली येऊन म्हणाली, "अप्पा, हा दगड वाळायलाच तयार न्हाई. कमाई वाढणार, असंच लिहून टाकते."

मला कोण आनंद झाला! माझ्या ओल्या डोक्यावरून परदेशातल्या कंपनीचं भविष्य! मी नुसता फुगून बसलो.

तेवढ्यात पंचफुलाबाई नातीसाठी संगणक न्यायला आल्या. कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं.

"मावशी, नवा संगणक घेतलात, छान झालं!" वर्षाराणी म्हणाली.

"नवा कुठला माय? नवे लई महागलेत. ह्यो कुण्या हापिसातला जुना हाय. पण आमच्या घरी तर पहिल्यांदाच येऊन राहिला की! मग नारळ नको का फोडाया?"

वर्षाराणी खोबरं चावायचीच थांबली. जुन्यातली चिप तर कंपनीनं कधीच विकलेली! आता त्यातून कंपनीला काय मिळणार?

"अप्पा, मग हे बाकीचे नारळ?"

"जुन्याचेच की सगळे. तू गर्दी विचारलीस, मी गर्दी सांगितली."

माझं तोंड एवढंसं झालं. पोरीला मीच फसवलं की काय! पण ती खो खो हसत सुटली. लगेच सगळ्यांना पुन्हा फोन लावले आणि विचारलं, नवे खपतात की जुने? जिकडंतिकडं जुन्यांचीच चलती होती. तिनं लिहिलं, कमाई घटणार.

साहेब भडकले, "अंदाज करणारे बाकी सगळे कमाई वाढणार म्हणतात!"

"म्हणू द्या सर. माझा अंदाज हाच हाय."

बोलली खरी, पण निकालापर्यंत तिला जेवण गोड लागेना. मलाही चैन नव्हतं. ही पोर गेली तर घर पुन्हा सुनं होणार, हे दगडालाही कळत होतं.

एका सकाळी अप्पा शटर उघडत असतानाच फोन आला. वर्षाराणी पायरीवरच मटकन बसली. "घटली, अप्पा! साहेब म्हणाले, राहा तिथंच!"

चतुराबाई पिठाच्या हातानंच धावत आल्या. लेकीला पोटाशी धरून म्हणाल्या, "आता इथंच ऱ्हा माझी माय." अप्पा डोळे पुसत शटरकडं तोंड करून उभे राहिले.

मित्रांनो, कुणाचं जुनं यंत्र तुमच्या घरी आलं तर नाक मुरडू नका. त्याची धूळ पुसा, त्याला जपा, कुंकू लावा. नावं ठेवायचीच असतील तर मला ठेवा. आणि नारळ? माझ्या डोक्याची काळजी करू नका, चांगला जोरात फोडा!