रुचिताचे झटके
रुचिताला ताप आला तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रायपूरजवळच्या बीरगावात त्या आठवड्यात घरोघरी ताप होता. पण एका सकाळी भाजी चिरता चिरता ती कोसळली आणि तिला झटके यायला लागले. रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत ते थांबले नव्हते. मिरगीची सगळी इंजेक्शनं झाली, तरी झटके थांबेनात. शेवटी डॉक्टर इरावतींनी तिला औषधानं गाढ बेशुद्ध केलं आणि व्हेंटिलेटरवर ठेवलं.

काही दिवसांनी तिच्या आईनं, कलावतीनं विचारलं, "पोट्टी आता शांत झोपून आहे. काहून उठवत नाही तिले?"

इरावतींनी यंत्रावरच्या रेघा दाखवल्या. "हातपाय शांत आहेत, ताई. मेंदूतले झटके थांबलेले नाहीत. औषध कमी केलं की परत जोर धरतात."

केटामाइन हे भुलीचं औषध देऊन झालं, स्टेरॉइड देऊन झालं. मग इरावतींनी वडिलांना, देवीदासला बोलावलं.

"आता नळीतून जवळजवळ नुसत्या चरबीचा आहार देऊन बघू. साखर, भात बंद. शरीर चरबीवर चालायला लागलं की कधीकधी मेंदू शांत होतो."

"अन् नाही झाला तर?"

"मग माझ्याकडे फारसं काही उरत नाही. झाला, तरी ती पहिल्यासारखी होईल असं मी सांगत नाही."

देवीदास उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, मग म्हणाला, "देऊन पाहा, मॅडम."

आहार सुरू झाला. हळूहळू रेघा निवत गेल्या. बेशुद्धीचं औषध कमी करत बंद केलं, तरी झटके आले नाहीत. बऱ्याच दिवसांनी रुचितानं डोळे उघडले. श्वासाची नळी निघाली, आवाज फुटला.

कलावती तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "रुचिता, मी आई."

रुचितानं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग आईशी एरवी मराठीतच बोलणारी ती, परक्या नर्सशी बोलावं तशा अदबीनं हिंदीत म्हणाली, "दीदी, थोड़ा पानी दीजिए ना."

कलावतीनं इरावतींकडे पाहिलं.

"आठवण येईलही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "किती, ते सांगता येत नाही."

पोरगी बावरू नये म्हणून कलावतीही हिंदीतच बोलली. "हव बेटा, लो." चमच्याचमच्यानं तिनं पाणी पाजलं, ओठ पुसले, चादर सारखी केली.

बाहेर देवीदास उभाच होता. "ओळखलं का तिनं तुले?"

"झटके थांबले," कलावती म्हणाली आणि बाकावर बसली.