गुडघ्याखालची ओल

मिस्त्रींनी तीस वर्षं गुडघे टेकून दुनियेच्या फरश्या बसवल्या आणि शेवटी उजव्या गुडघ्यानेच हात टेकले! आतली गादी, डॉक्टर जिला कूर्चा म्हणतात ती, एका जागी नखाएवढी उडाली होती. वर्षापूर्वी ऑपरेशन करून तिथे ठिगळ बसवलं. ते धरलंय का, हे आज एमआरआय सांगणार होता. धरलं असेल तर मिस्त्री पुन्हा कामावर. नाहीतर थापी कायमची माळ्यावर.

मिस्त्रींना काडीची शंका नव्हती. फरशी पक्की बसली की नाही हे ते थापीच्या दांड्याने ठोकून, नुसत्या आवाजावरून सांगत. महिन्यापूर्वी त्यांनी तोच दांडा स्वतःच्या गुडघ्यावर ठोकला. आवाज भरीव! झालं, स्वारी खूश. तपासणी होईपर्यंत गुडघा टेकायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण साडूच्या बाथरूमची फरशी निघाली, आणि बायकोला ‘फिरायला जातो’ सांगून हा गडी तीन आठवडे तिथे रांगत होता. शेवटची फरशी परवाच बसली.

यंत्राने अर्धा तास कान किटवले. बाहेर आल्यावर मिस्त्री तिथल्या तंत्रज्ञाला म्हणाले, “एवढं बडवून तुम्हाला कळणार, ते मला दोन ठोक्यांत कळलंय.”

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र लावलं. बायको शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

“खड्डा छान भरलाय. बाजूच्या गादीशी सपाट.”

“लेव्हल बरोबर,” मिस्त्री म्हणाले.

“कडाही जुळल्यात.”

“म्हणजे फट नाही!” मिस्त्रींची छाती फुगली.

बाईंनी पुढचं चित्र लावलं. ठिगळाच्या खालच्या हाडात पांढरट डाग होता.

“ओल!” मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

“तसंच समजा. खालच्या हाडाला सूज आहे. ठिगळ मुरायच्या आत त्यावर दाब आलाय. गुडघा टेकत होतात का?”

“छे हो,” बायको म्हणाली, “संध्याकाळी फिरायला जातात तेवढंच.”

नुकती बसवलेली ओली फरशी तुडवणाऱ्या घरमालकांचा मिस्त्रींनी आजवर काय काय उद्धार केला होता! आता त्यातला एकेक शब्द त्यांच्याच कानात वाजायला लागला. आणि ही बिचारी त्यांची बाजू घेत होती. लाजेने जीव नको झाला.

“फिरायला नव्हतो जात,” ते म्हणाले. “साडूकडे फरशी बसवत होतो. तीन आठवडे.” मग हळूच विचारलं, “उखडावं लागेल का हो?”

“नाही. पण सहा महिने टेकायचा नाही. मग पुन्हा बघू. तेव्हाही हे दिसलं, तर हे काम सोडावं लागेल.”

बाहेर व्हरांड्यात बायको बाकावर बसली. पर्सची चेन उघडझाप करत राहिली.

“अगं, ओरड तरी.”

“का केलंत असं?”

“घाबरलो होतो गं. वर्षभर थापीला हात लावला नव्हता. हातातलं कसब गेलं असेल तर? उभं राहून मला दुसरं काय येतं?”

“घरी येऊन गोष्टी सांगायला येतात की. तळं, बदकं, बाकावरचे भांडणारे दोघे म्हातारे. रोज नवीन.”

मिस्त्रींनी मान खाली घातली. “सगळं खोटं. तळं कुठे आहे तेही मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे. दोनदा गेले होते, म्हटलं तुमच्याबरोबर फिरावं. तुम्हीही नव्हतात आणि बदकंही नव्हती.”

मिस्त्रींनी झटकन मान वर केली. “म्हणजे तुला ठाऊक होतं? मग आत बाईंना तसं कशाला सांगितलंस?”

“तुम्ही खरं बोलता का, ते मला बघायचं होतं,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून उठली. “चला आता, हळू चाला.”