डब्यातल्या चिठ्ठ्या

मेलेली जनावरं टाकायचा माळ मी चाळीस वर्षं सांभाळला. जनावर आलं की कातडं उतरवायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं काम गिधाडांचं. तासाभरात नुसता सांगाडा उरायचा. जनावरांचा डॉक्टर मला गिधाड्या म्हणायचा. मला राग यायचा नाही. आम्ही लहानपणी एकाच कळपामागे धावलेलो.

मग गिधाडं मान टाकून फांदीवर बसू लागली आणि दोन दिवसांनी खाली पडू लागली. दुखणं थांबवायच्या एका औषधाने हे होतं, असं कळलं. ते टोचलेलं जनावर मेलं तर खोल पुरायचं, असा नियम आला. प्रत्येक जनावराबरोबर डॉक्टरची चिठ्ठी येऊ लागली. मला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ती घेऊन त्याच्याकडेच जायचो.

"साफ आहे रे. टाक खुशाल."

मी टाकायचो. चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायचो. त्याची सही होती ना तिच्यावर.

तरी गिधाडं संपत आली. मांस सडू लागलं, विहिरीला वास आला, कुत्री माजली. एकाने सुनेची पोटरी फोडली. इंजेक्शनं घेत ती महिनाभर घरात बसून होती.

"मामंजी, मला करमत नाही. या, अक्षरं शिकवते."

साठी उलटल्यावर मी पाटी धरली.

"मोठ्याने वाचा. लाजताय काय? मी काय तुमची सासू आहे?"

अक्षरं जुळायला लागली, पण घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. मी डबा उघडला.

'म्हैस. दुखण्याचे औषध दिले. जनावर पुरावे.'

मला वाटलं, मीच चुकतोय. सुनेला दाखवली. तिने पुढची चिठ्ठी हातात दिली. तीही तशीच. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला. साफ अशा चारच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी डबा दवाखान्यातल्या टेबलावर ठेवला आणि वरची चिठ्ठी वाचून दाखवली.

"तू वाचायला लागलास?" डॉक्टर आधी हेच म्हणाला.

"खोटं का सांगितलंस?"

"कागदावर खरंच लिहिलंय मी."

"मी तोंडाने विचारत होतो, डॉक्टर. तुला."

"अरे, तुझी कंबर गेलेली. म्हशीएवढे खड्डे खणत बसला असतास? आणि पुरायचं म्हटलं की मालक माझ्या दारात येऊन बोंबलणार. मला वाटलं, पाखरंच ती, येतील परत."

"आणि चौकशी आली असती तर?"

तो हात पुसत राहिला. चौकशी आली असती तर हा डबा माझ्याच फळीवर सापडला असता. सही त्याची होती, जनावरं मी टाकली होती.

मी डबा उचलून निघालो. "गिधाड्या, थांब रे," तो म्हणाला. मी थांबलो नाही.

सकाळी एक बैल आला. चिठ्ठी मी स्वतः वाचली आणि पहार घेतली. कमरेएवढा खड्डा झाला असेल, तेवढ्यात शेवटचं उरलेलं गिधाड उतरलं. नेहमीसारखं चार पावलांवर बसलं आणि मी बाजूला व्हायची वाट बघू लागलं.

मी दगड उचलला. पहिल्या दगडाला ते हललंसुद्धा नाही. माझ्या हातून गिधाडांवर कधी दगड गेलेला नव्हता.

दुसरा मी नेम धरून मारला.