टोपी डावीकडे की उजवीकडे?

"डोळे मिटा आणि आठवा. पोस्टमनची टोपी डावीकडे कलली होती की उजवीकडे?"

आठवणबाबांनी विचारायचा अवकाश, गोदामात जमलेल्या शे-सव्वाशे माणसांनी पटापट डोळे मिटले. गेल्या महिन्यापर्यंत या गोदामात पोत्यांची थप्पी असायची. आता तिथे दर रविवारी आणि गुरुवारी लोकांची थप्पी लागत होती.

प्रश्न दुसरीच्या वाचनाच्या पुस्तकातला होता. चाळीस वर्षांपूर्वी इथल्या प्रत्येक पोराने 'पत्र आलं' हा धडा घोकला होता. धड्यावर चित्र होतं: सायकलवरचा पोस्टमन, एक पाय जमिनीवर टेकलेला, हातात पत्र.

"डावीकडे!" न्हावी ओरडला.

"काहीतरीच काय! उजवीकडे. मी स्वतः लाल खडूने रंगवली होती ती टोपी," बेकरीवाला म्हणाला.

दोघांची चांगलीच जुंपली. अर्धं गोदाम एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. बाबा मंद हसत होते. मग त्यांनी रेशमी फडक्यातून ते जुनं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि पहिल्या रांगेपुढून सावकाश फिरवलं.

पोस्टमन बोडका होता! टोपी डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती, कुठेच नव्हती.

लोकांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. एक बाई तर रडायलाच लागली.

"घाबरू नका, लेकरांनो," बाबांनी आवाज खाली आणला. "पुस्तक बदललं नाही, जगच बदललं! तुम्ही सगळे मूळ जगातून या नकली जगात घसरून पडला आहात. आठवण मूळ जगाची आहे, म्हणून ती खरी. कागद इथला, म्हणून तो खोटा. यापुढे आठवणीला धरा, कागदाला सोडा!"

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाइंडरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाजारात पुस्तकं बांधून देणारा तो एकटाच, म्हणून त्याला सगळे बाइंडरच म्हणत. माणूस मुळातच संशयी. हिरवा दिवा लागला तरी दोन्हीकडे बघितल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. पण आज त्याची पंचाईत वेगळीच होती. डोळे मिटल्यावर त्यालाही टोपी दिसली होती. डावीकडे कललेली.

'म्हणजे लबाडाने पान बदललंय,' त्याने मनाशी ठरवलं. सभा संपल्यावर तो पुढे गेला. "बाबा, पुस्तकाची पाठ उखडलीय. गुरुवारपर्यंत शिवून देऊ का?"

बाबांनी पुस्तक खुशाल देऊन टाकलं. चोर इतक्या सहजासहजी चोरीचा माल हातात देत नाही, म्हणून तर बाइंडरचा संशय आणखीच वाढला.

दुकानात येऊन त्याने भिंग काढलं. आता या कामात त्याला कोण फसवणार? मागाहून घुसवलेलं पान चिकटवावं लागतं आणि मुळाशी गोंदाची रेघ सोडतं. इथे रेघ नव्हती. पोस्टमनचं पान आणि त्याच्या जोडीचं पुढचं पान एकाच घडीचे दोन भाग होते, मधून सलग. दोरा जुना, भोकं जुनी. घडीतून चाळीस वर्षांची धूळ निघाली, तीही अस्सल. अर्धा तास त्याने पुस्तक उलटंपालटं केलं आणि शेवटी भिंग खाली ठेवलं.

पुस्तक खरं होतं. मग डोक्यातली टोपी कुठून आली?

तेवढ्यात आतून ताई चहा घेऊन आली. ही त्याची थोरली बहीण. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि भावाबहिणीचं बिऱ्हाड एकच. तिच्याकडे बघताना त्याला फळीवरची गोळ्यांची पट्टी दिसली.

"ताई, बुधवारपासूनच्या गोळ्या तशाच आहेत."

"हो. बंद केल्यात मी."

"बंद केल्यात? अगं, तुला फिट येतात!"

"कोण म्हणतं?" ताई शांतपणे म्हणाली. "बाबांनी मला एवढंच विचारलं, 'बेटी, तुझा आजार तुला आठवतो, की लोकांनी सांगितला?' तूच सांग, मला माझी एक तरी फिट आठवते का? खरंच आली असती तर आठवली असती ना! तुम्ही म्हणालात, डॉक्टरांनी लिहून घेतलं. शेवटी कागदच तो. आणि टोपीचं काय झालं ते आज तूही पाहिलंस."

अकरा वर्षं तिला झटका आला नव्हता, कारण अकरा वर्षं ती गोळ्या घेत होती. बाइंडरने तिच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या कडाडल्या, "अशा एकदम बंद करतात का? झटका कधीही येईल, आणि जबरदस्त येईल. आत्ता सुरू करा आणि तिला एकटं सोडू नका." ताईने फोन हातात घ्यायलासुद्धा नकार दिला. तिच्या एका हाताशी गरम इस्त्री होती, दुसऱ्या हाताशी मशीनची सुई, आणि बाइंडरला दोन्ही बघवेनात. पुस्तकांच्या घड्या शिवायचं निमित्त काढून त्याने तिला दुकानात आपल्या नजरेसमोर बसवून घेतलं.

सोमवारी दुकान उघडताच दोन गिऱ्हाइकं आली, दोघंही गोदामात न गेलेली. पहिला निवृत्त कारकून. बाइंडरने सहज विचारलं, "आपल्या दुसरीच्या पुस्तकातला पोस्टमन आठवतो? कसा दिसायचा?"

"सायकल होती बुवा," कारकून म्हणाला. "बाकी काही आठवत नाही."

दुसरा चष्मेवाला. त्याला बाइंडरने बाबांच्याच शब्दांत विचारलं, "त्या पोस्टमनची टोपी डावीकडे होती की उजवीकडे?"

चष्मेवाल्याने क्षणभर वर पाहिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "डावीकडे."

बाइंडर उडालाच. अरे, लबाडी पुस्तकात नव्हतीच, ती प्रश्नात होती! टोपी होती का, असं बाबा कधी विचारतच नव्हते. ते टोपी आधी डोक्यावर ठेवत आणि मग फक्त बाजू विचारत. पोस्टमन म्हटला की टोपी हवीच, असं म्हणून मन बिचारं ती रंगवून टाकत होतं. गंमत अशी की त्यांच्या वस्तीत पत्र टाकणारा खराखुरा पोस्टमन बारा महिने बोडक्याने फिरायचा, आणि ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

पण हे ताईला सांगून काय उपयोग? ती म्हणाली असती, चष्मेवालासुद्धा मूळ जगातलाच. पुरावा असा हवा होता की पळवाटच उरू नये.

त्याने कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, पाकीट बंद करून त्यावर स्वतःचाच पत्ता घातला आणि शेजारणीला ताईजवळ बसवून पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. "स्वतःलाच पत्र?" खिडकीतल्या बाईंनी भुवया उंचावल्या. "शिक्का ठळक मारा," एवढंच तो म्हणाला.

दुपारपासून त्याने कामाला सुरुवात केली. दाढी करता करता न्हाव्याला विचारलं, पाव घेता घेता बेकरीवाल्याला विचारलं, दुकानात येईल त्याला विचारलं: "त्या पोस्टमनच्या सायकलमागे कुत्रं धावायचं बघ, ते काळं होतं की ठिपक्यांचं?" कुणी म्हणालं काळं, कुणी म्हणालं ठिपक्यांचं. दोघातिघांनी "कुत्रं? नाही बुवा" म्हणून मान हलवली. मंगळवारी लोक आपसातच त्या कुत्र्यावर वाद घालू लागले, आणि मान हलवणाऱ्यांतला एक बुधवारी येऊन सांगून गेला, "आठवलं रे, काळंच होतं."

ताईलाही त्याने विचारलं. विचारताना त्याची मान वर होत नव्हती.

"ठिपक्यांचं," ताई दोरा तोडत म्हणाली. "कानापाशी एक मोठा ठिपका होता. मला फार आवडायचं ते."

बाइंडरला भडभडून आलं. बुधवारी पोस्टमनने पाकीट आणून दिलं, तोपर्यंत त्या कुत्र्याचं पळणं त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांपुढे दिसू लागलं होतं. तो चांगलाच चरकला.

गुरुवारी गोदाम तुडुंब भरलं. पुस्तक बाबांच्या हाती देऊन बाइंडर ताईशेजारी बसला. त्याला तोंड उघडावंच लागलं नाही. न्हावीच उठला, "बाबा, टोपीचं राहू द्या, त्या चित्रातलं कुत्रं कुठे गेलं?"

"कुत्रं, कुत्रं!" चहूकडून री ओढली गेली.

बाबांनी पुस्तक उघडलं. कुत्रं नव्हतंच. त्यांचे डोळे चमकले. "मी याचीच वाट पाहत होतो, लेकरांनो! मूळ जगात ते पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. ठिपक्यांचं कुत्रं! डावा कान मोडलेला! या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"नक्की ना, बाबा?" बाइंडर उभा राहिला.

"माझी आठवण चुकत नाही."

बाइंडरने खिशातून पाकीट काढलं आणि पोस्टातल्या बाईंकडे दिलं. त्या तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी उलटसुलट पाहिलं. "शिक्का माझ्याच हातचा. सोमवार, सकाळ. पाकीट फोडलेलं नाही."

"मग तुम्हीच फोडा आणि वाचा."

बाईंनी मोठ्याने वाचलं: "दुसरीच्या पुस्तकातल्या पोस्टमनच्या मागे कुत्रं नाही, कधीच नव्हतं. आज दुपारपासून मी लोकांना विचारणार आहे की ते काळं होतं की ठिपक्यांचं. गुरुवारपर्यंत ते सगळ्यांना आठवेल. बाबांनाही आठवेल."

न्हाव्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

बाबा सावरले. "मी काय सांगत होतो? हा कागदसुद्धा बदलला! याने लिहिलं होतं वेगळंच!"

"बरं, कागद खोटा," बाइंडर म्हणाला. "आठवण खरी, हे तर तुम्हीच शिकवलंत. मग ऐका. ते कुत्रं मी माझ्या दुकानात बसून मनाने रचलं, असं मला लख्ख आठवतंय. माझी आठवण खरी की नाही?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हशा असा पसरला की बाबा पुस्तक छातीशी धरून मागच्या दाराने सटकले. मात्र सगळेच हसले नाहीत. बेकरीवाला चिडून म्हणाला, "चेष्टा करायला आम्हीच सापडलो का रे तुला?"

"चेष्टा नाही, दादा. टोपी मलाही दिसली होती. आपण सगळ्यांनी मिळून चुकीचं आठवलं म्हणून ते बरोबर होत नाही. कुणी काही विचारलं तर आधी प्रश्न तपासा. त्यात उत्तर घालून ठेवलंय का ते बघा. आणि आठवण एक सांगते, लिहिलेलं दुसरंच सांगतं असं दिसलं, तर दोन्ही पडताळल्याशिवाय जीव धोक्यात घालू नका."

तो वळला तर ताई जागेवर नव्हती. तो धावतच घरी आला. ती मशीनपुढे बसली होती, मशीन बंद होतं.

"मलाही फसवलंस," ती म्हणाली. डोळे भरले होते. "त्यांनी टोपी घातली, तू कुत्रं सोडलंस. आता मी कुणाचं ऐकू? माझं डोकं खोटं, बाबा खोटे, आणि तूही खोटा."

"माझं ऐकू नकोस," तो म्हणाला. "माझं चुकलं, ताई. दुसरं काही सुचलं नाही मला." त्याने कपाटातून दवाखान्याची फाईल काढून तिच्या मांडीवर ठेवली. "तू स्वतः बघ."

ताई पानं उलटू लागली. शेवटी एक पातळ वही निघाली, कडा पिवळ्या पडलेली. तिने वही ओळखली नाही, पण अक्षर ओळखलं. ते तिचंच होतं, सोळाव्या वर्षीचं, गोल गोल. झटक्यातून उठल्यावर काय दिसलं ते लगेच लिहून ठेवायला त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं असणार. ती अडखळत वाचू लागली: "शुक्रवार. डोळे उघडले तेव्हा शेगडीजवळ पडले होते. जीभ चावली गेलीय. हाताला भाजलंय. धाकटा माझं डोकं मांडीवर घेऊन रडतोय."

तिने वर पाहिलं. "तू रडत होतास?"

"मला आठवत नाही," बाइंडर खरं तेच बोलला.

ताईने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. "त्याच दिवशी लिहिलंय मी. म्हणजे रडला असशील," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंना फोन लाव. आणि पाणी आण, गोळी घेते."