लिहून घेणार मरियाबाई

अठरा नोव्हेंबरला एलिया घाटविसावे आणि त्याची आई मरियाबाई यांनी भिंगारचं क्वार्टर नंबर नऊ रिकामं केलं. कपाट टेम्पोत बसेना म्हणून त्याची दारं काढली. कपाट एका नातेवाइकाकडं गेलं, दारं दुसऱ्याकडं, आणि ही दोघं तिसऱ्याकडं.

पण असं अजून काही झालेलं नाही. कपाट जागेवर आहे, दारं कपाटाला आहेत आणि आपण जुलै महिन्यात आहोत.

एलियाचे वडील सॅम्युएल लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. मागच्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला ताडपत्र्या मोजता मोजता गेले. एकशे चार मोजून झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसानं पुन्हा एकपासून सुरुवात केली. नियम असा, की कर्मचारी गेला की मरणाच्या तारखेपासून एक वर्ष कुटुंबानं क्वार्टरमध्ये राहावं, मग किल्ली द्यावी. पेन्शनची फाइल कुठल्या तरी टेबलावर होती. अनुकंपा यादीत एलियाचं नाव लागलं होतं, एकशे एकेचाळिसावं. वर्षाला दोन जागा भरत. म्हणजे सत्तर वर्षं दम धरला की नोकरी पक्की. तेव्हा एलिया चौऱ्याण्णव वर्षांचा असणार होता.

जुन्या बाजारात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मालक तीन लाख हेवी डिपॉझिट मागत होता: पैसे ठेवा, बिनभाड्यानं राहा, सोडाल तेव्हा पैसे परत. मरियाबाईंच्या खात्यात होते दोन लाख साठ हजार. चाळीस कमी. वर्षभर भांडी घासली तरी चाळीस हजार साठत नाहीत, हे मरियाबाईंनी घासून पाहिलं होतं.

एलियानं मोबाईलवर शेअर बाजार शिकायला घेतला. शिकवणारा माणूस कायम एका लाल गाडीसमोर उभा राहून बोलायचा. गाडी कधी हलताना दिसली नाही. पण तो एक गोष्ट खरी सांगायचा, की नवशिक्यानं आधी नियम करावेत, मग पैसे लावावेत. एलियाचा हिशेब साधा होता. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं, रोजचे पाचशे. ऐंशी दिवसांत चाळीस हजार. हाव नाही, काही नाही.

नियम वहीत लिहिले तर वही फाडता येते. म्हणून तो नगरला कोर्टासमोर अजिनाथ टायपिस्टकडं गेला.

"पार्टी नंबर दोन कोन?" अजिनाथनं विचारलं.

"कोणी नाही. माझेच नियम, मीच पाळणार."

"भाऊ, सोताशी करार न्हाई होत. मी वीस वर्सं हितं बसतोय. दारू सोडनारा बी बायकोलाच लिहून देतो."

"तरी पितातच ना?"

"पितात की. पन करार पक्का असतो."

मग 'लिहून देणार' एलिया आणि 'लिहून घेणार' त्याची आई, असा मजकूर स्टॅम्पपेपरवर उतरला. सौद्याला वीस हजारच वापरायचे, बाकीच्या पैशांना हात लावायचा नाही. दिवसात पाचशे गेले की लिहून घेणार यांनी मोबाईल काढून घ्यावा. पडत्या शेअरमध्ये भर घालू नये. शेवटी अजिनाथनं दुकान-गाळ्यांच्या करारात टाकायचं वाक्य हाताच्या सवयीनं इथंही टाकलं: अटींत बदल करावयाचा झाल्यास लिहून घेणार यांची संमती आवश्यक राहील.

एलियाला हे वाक्य सगळ्यात आवडलं. मम्मीनं कशाला संमती दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. शाळेची सहल नाही, सायकल नाही, पुण्याची नोकरी नाही. सॅम्युएलना होकार द्यायलाही तिनं चार वर्षं लावली होती, आणि तेव्हाही 'बघू' म्हणाली होती.

करार चालला, हेच वाईट झालं. रोज सव्वानऊला मरियाबाई एलियाशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. पाचशे गेले की हात पुढं. एलिया "दोन मिनिटं, मम्मी" म्हणायचा. मोबाईल तोवर पिठाच्या डब्यात गेलेला असायचा. ऑक्टोबरपर्यंत अठरा हजार जमले. पण रोज बघून बघून मरियाबाईंना आकडे कळायला लागले.

मग मालकाचा निरोप आला, की दिवाळीच्या आत तीन लाख आणा, दुसरी पार्टी तयार आहे. दिवाळी नऊ दिवसांवर होती. रोजच्या पाचशेनं नऊ दिवसांत काय होणार, हे लहान मुलालाही कळलं असतं. मरियाबाईंनाही कळलं.

मंगळवारी एलियानं पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचे शंभर शेअर चारशे बाराला घेतले. दहा वाजता भाव चारशे सात.

"गेले पाचशे. घे मोबाईल."

मरियाबाईंनी हात पुढं केला नाही. "बारानं घेतलेला ना? आता सातनं मिळतोय?"

"मिळतोय म्हणजे पडलाय."

"मेथीची जुडी पंधराची दहाला झाली, तर घेतलेली परत देऊन येतो का तू? अजून दोन घेतो."

"मम्मी, ही मेथी नाही."

"माहितीये. मेथी संध्याकाळपर्यंत सुकते. हे सुकतं का?"

लाल गाडीवाल्यानं या प्रश्नावर व्हिडिओ केला नव्हता.

"करारात लिहिलंय, भर घालायची नाही."

"करारात माझी संमतीही लिहिलीय. दिली."

चोवीस वर्षांत मम्मी पहिल्यांदा हो म्हणाली होती. आता नाही म्हणायचं, तर त्याची एलियाला कधी सवयच लागली नव्हती. ते काम घरात तिच्याकडं होतं. त्यानं भर घातली.

तीनशे पंच्याण्णव. आणखी स्वस्त. बँकेतले पैसेही सौद्यात आले. मरियाबाईंच्या मोबाईलवर बँकेच्या ओटीपीचे सहा आकडे यायचे, ते त्या चर्चमध्ये गीत क्रमांक वाचावा तशा ठणठणीत वाचायच्या. चार वेळा वाचले. सौदा पुरवणारी कंपनी एका रुपयावर पाच रुपयांचा माल देत होती, म्हणून तोटाही पाचपट येत होता. मरियाबाईंना पाचपट मालाचं कौतुक वाटलं.

"एवढं कोण देतं रे आजकाल?"

दोन वाजता बातमी आली, की त्या पाइपांना गळती लागली आणि मोठं सरकारी कंत्राट रद्द झालं. उधारीचा माल त्याच दिवशी विकावा लागतो, म्हणून दोन चाळीसला मोबाईलनं सगळे शेअर आपले आपण विकून टाकले. त्याला कुणाची संमती लागली नाही. सत्तावीस हजार उरले.

"उद्या वर येईल ना?" मरियाबाईंनी विचारलं.

"येईल. पण त्यात आपलं काही उरलेलं नाही."

"मेथीवाला निदान पिशवीत काहीतरी घालतो," मरियाबाई म्हणाल्या.

"तू नेहमी नाही म्हणतेस, मम्मी. म्हणून तुझं नाव घातलं मी."

"तेच तर. सगळे म्हणायचे, बाई कधी हो म्हणत नाही." त्यांनी चष्मा काढला. "एकदा म्हणून बघितलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एलियाला वाटलं, असतं तर बरं झालं असतं. निदान काहीतरी करता आलं असतं, फडकं वगैरे आणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं क्वार्टरच्या कार्यालयात गेली. रंगनाथ नावाचे क्लार्क सॅम्युएलना ओळखायचे. त्यांनी चहा सांगितला, खुर्ची दिली, मुदत दिली नाही.

"ताई, माझ्या हातात असतं तर दिली असती. वर्ष मरणाच्या तारखेपासून मोजतात. आता ती तारीख काय मागंपुढं होतेय का?"

मरियाबाईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "एलू, कागद घे. मी सांगते, तू लिही."

"मम्मी, असं होत नसतं."

"नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. तू लिही."

एलियानं लिहिलं.

प्रति,
मा. निवासस्थान अधिकारी साहेब, भिंगार

विषय: मृत्यूची तारीख आठ महिने पुढे नेणेबाबत.

महोदय, क्वार्टर नंबर नऊमधील प्रभुवासी सॅम्युएल घाटविसावे यांचे निधन मागील वर्षी दि. १९ नोव्हेंबर रोजी झाल्याची आपल्याकडे नोंद आहे. सदर निधन कुटुंबास पूर्वसूचना न देता झालेले आहे. तरी सदर निधन चालू वर्षी दि. १९ जुलै रोजी झाले असे समजण्यात यावे व क्वार्टरचे वर्ष तेथून मोजण्यात यावे. मधल्या आठ महिन्यांत ते कामावर आढळले नसल्यास ती त्यांची बिनपगारी रजा धरावी, त्यास आमची कोणतीही हरकत नाही, ही नम्र विनंती.