पाचवा दिवा

भोंगा वाजला तेव्हा अंबिकाच्या शिवणक्लासमधल्या सहाच्या सहा मुली ताडकन उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीने हातातला अर्धा शिवलेला ब्लाऊज सरळ खिडकीबाहेर भिरकावला. का, ते तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. दाराच्या आत तुळजाबाई छातीवर हात धरून उभ्या. बिचाऱ्या साडीला फॉल लावून घ्यायला आलेल्या. "अगं, मी काय केलं? मी नुसती आत आले!" असं ओरडत होत्या, पण त्या भोंग्यापुढे त्यांचं ऐकतंय कोण!

अंबिकाची लेक देवश्री शाळेतून नुकतीच आली होती. पाठीवरचं दप्तरही न काढता ती दाराशेजारच्या बटणांच्या डबीकडे धावली, धडाधड चार आकडे दाबले, आणि घर गप्प झालं. गल्ली मात्र गप्प झाली नाही.

"अगो अंबिके," बाहेरून भाजीवाल्या काशीबाईंचा आवाज आला, "तुजा चोर रोजचाच हाय काय गो? त्याला येकदा च्या तरी पाज!"

सगळी गल्ली हसली. अंबिका हसली नाही. तिने बाहेर जाऊन ब्लाऊज उचलला, झटकला आणि म्हणाली, "आठवड्यात चौथ्यांदा."

हसण्यासारखं नव्हतंच. देवश्रीचे बाबा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. नऊ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा निघाले तेव्हा पोलादपूरच्या गंगाधरकाकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, फर्मान काढलं होतं: बाई आणि पोर महाडात एकट्या राहणार नाहीत. बाबांनी मग तोडगा काढला. वीर गावचा हर्षद तेव्हा महाडात अलार्मचं दुकान टाकून होता. त्याने दोन दिवस खपून घराला अलार्म बसवला. दारा-खिडक्यांना चुंबकाच्या पट्ट्या, माळ्यावर राखाडी लोखंडी पेटी, बाहेर छपराखाली भोंगा. "ठीक आहे," काका म्हणाले होते, "भोंगा आहे तोवर राहा." हे वाक्य त्या घरात स्टँपपेपरसारखं जपून ठेवलेलं होतं.

मग एकवीस सालचा पूर आला. घरात डोक्याच्या वर वीतभर पाणी. माळ्यावर होती म्हणून पेटी वाचली, खालची डबी बुडाली. हर्षदने ती बदलून दिली, पण त्याचं स्वतःचं दुकान काही वाचलं नाही. तो गाशा गुंडाळून आखातात गेला, आणि पेटीच्या झाकणावर चिकटवलेला त्याचा नंबर अस्तित्वात नाही, असं आता एक बाई फार गोड आवाजात सांगते.

तरी चार वर्षं भोंगा शहाण्यासारखा वागला. गेला महिनाभर मात्र तो पिसाळला होता. भरदिवसा, घरात माणसं असताना, पाहुणा आला रे आला की बोंब! क्लासमधल्या तीन मुली तर यायच्याच बंद झाल्या होत्या.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. "बसवणारा पळाला, बघणारा कुणी नाही. त्या यंत्राचा भरवसा संपला. गणपतीला इकडे यायचंच आहे, तर सामानासकट या. माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. रविवारी सदू वायरमनला घेऊन येतो, तो सगळं उपटून टाकील."

"आणि माझा क्लास, दादा?" अंबिकाने विचारलं.

"पोलादपुरात काय बायका ब्लाऊज घालत नाहीत?"

अंबिकाने फोन ठेवला आणि मशीनवरच्या रिळाचा दोरा उगाचच गुंडाळत बसली. दहा वर्षं लागली होती तिला हा क्लास उभा करायला.

"मी करते दुरुस्त," देवश्री म्हणाली.

"काय?"

"भोंगा. आणि काकांनासुद्धा."

आता ही देवश्री म्हणजे कोण, तर दहावीतली मुलगी. नववीपर्यंत तिची अशी गत की उत्तर येत असलं तरी हात अर्धा वर करायचा आणि सरांनी पाहिलं की त्याच हाताने डोकं खाजवायचं. गेल्या हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शनात तिने परीक्षकांना "सर, तुमचं चुकतंय" असं म्हटलं, आणि सरांचं खरोखरच चुकलेलं निघालं. त्या दिवसापासून, आईच्या भाषेत, कार्टीला शिंगं फुटली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती बाजारात दोन दुकानांत जाऊन आली. पहिला म्हणाला, "दुसऱ्याच्या कामाला आम्ही हात लावत नाही. ते काढून टाका, नवीन कॅमेरे बसवून देतो." दुसऱ्याने मोबाईलवरचा पेटीचा फोटो बघितला आणि हसला. "हे अजून चालू आहे? हे तर माझ्या लग्नाच्या वेळचं."

"मग लग्नपण काढून नवीन बसवणार का?" देवश्रीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडली.

मग शिडी लावून ती माळ्यावर चढली. विजेचं बटण बंद केलं, म्हणजे पेटी मेली, असा तिचा हिशेब. झाकणाचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि भोंगा असा काही किंचाळला की ती शिडीवरून पडता पडता राहिली.

"आज सुट्टी नाय काय गो चोराला?" काशीबाई रस्त्यावरून.

"देवू, खाली उतर!" आई खालून.

पेटीच्या पोटात बॅटरी होती. वीज गेली तरी चोर पकडता यावा म्हणून ठेवलेली, नऊ वर्षांची, पोट सुटलेली. देवश्रीने तिची लाल वायर उपटली तेव्हा कुठे शांतता झाली. त्या शांततेत तिला झाकणाखालचं एवढंसं स्प्रिंगचं बटण दिसलं. झाकण उघडलं की ते सुटतं आणि पेटी ओरडते: मला कोण हात लावतंय? अलार्म बंद ठेवलेला असला, भर दुपार असली, तरीही. हे बटण चोवीस तास जागं असतं.

इन्व्हर्टरच्या दुकानातून तिने त्याच मापाची नवी बॅटरी आणली, जोडली, झाकण लावलं. खाली येऊन बघते तर डबीवर पाचवा लाल दिवा पेटलेला.

डबीवर पाच दिवे होते. शेजारी हर्षदच्या अक्षरातली कागदी पट्टी: एक, पुढचं दार. दोन, मागचं दार. तीन, खिडक्या. चार, माळा. पाचच्या पुढे ओल चढून नुसता निळा डाग उरला होता. देवश्री त्या डागाकडे बघत राहिली. म्हणजे पाच म्हणजे ते झाकण! यंत्राशी कुणी चाळा केला की पाचवा दिवा.

आणि एवढ्या दिवसांत भोंगा वाजला तेव्हा कुठला दिवा पेटत होता?

कुणालाच माहीत नव्हतं. आकडे दाबले की दिवा विझायचा, आणि आकडे दाबायची सगळ्यांना एवढी घाई! पाहुणा दारातून येतो आणि भोंगा वाजतो, म्हणजे बिघाड दारातच, हे घरादाराने ठरवूनच टाकलं होतं. देवश्रीने वहीचं पान फाडून डबीखाली चिकटवलं: आधी दिवा बघा, मग आकडे दाबा.

शुक्रवारी क्लासमधल्या एका मुलीची आई आली आणि भोंगा वाजला. देवश्री शाळेत होती. अंबिकाने कानात बोटं घालून, डोळे फाडून आधी दिव्याकडे बघितलं.

"पाचवा," देवश्री आल्या आल्या तिने सांगितलं. तिच्या आवाजात महिन्याभरानंतर पहिल्यांदाच थोडी धार होती. "दार नाही. पाचवा."

पण झाकण तर घट्ट बंद होतं! देवश्री परत माळ्यावर चढली आणि पाचव्या दिव्याच्या वायरीमागे निघाली. एक झाकणाच्या बटणाकडे गेलेली, आणि तिचीच जोडीदारीण भिंतीतून खाली उतरून दाराशेजारच्या डबीत गेलेली, म्हणजे डबीशी कुणी चाळा केला तरी कळावं म्हणून. फुगडीसारखं होतं ते सगळं. हातात हात घट्ट आहेत तोवर ठीक, कुठेही हात सुटला की आदळलात. इथे कुठेतरी हात सुटत होता. पण भिंतीच्या आत कुठे? आणि पाहुणा आल्यावरच का?

शनिवारी तिने वहीत यादी केली. तुळजाबाई: वाजला. क्लासवाल्या मुलीची आई: वाजला. काका आलेले तेव्हा: वाजला, दोनदा. पोस्टमन: नाही. काशीबाई: रोज येतात, एकदाही नाही.

काशीबाई पायरीवर टोपली टेकवून अळूच्या जुड्या सोडवत होत्या. देवश्रीने सरळच विचारलं, "काशीबाई, तुम्ही आलात की तो का नाही वाजत?"

"मी गरीब हाय, म्हणून," काशीबाई म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "माला काय ठावं गो? मी येते, भाजी देते, जाते. ह्या बाकीच्या बाया बग, आल्या की आदी त्या पाटीला थापटा मारतील. पाणी हितवर व्हता नि पाणी तितवर व्हता! माजी चूल बुडाली, ती मी काय पाटी लावून दाकवू?"

देवश्रीच्या हातातली अळूची जुडी खाली पडली.

पाटी! बावीस जुलैला, पुराला चार वर्षं झाली त्या दिवशी, काकांनी स्वतः ड्रिल घेऊन येऊन दाराशेजारच्या आतल्या भिंतीवर, पाणी पोचलं होतं बरोबर तिथे, काळ्या दगडाची पाटी लावली होती. 'महापूर २०२१. पाणी येथपर्यंत.' खाली बारीक अक्षरांत काकांच्या हार्डवेअरच्या दुकानाचं नाव. आणि महाडच्या माणसाला पुराची गोष्ट नुसत्या तोंडाने सांगता येतच नाही. हात उंच करून, भिंतीवर थाप मारून, "इथवर!" असं म्हटल्याशिवाय ती गोष्ट पुरीच होत नाही. पाटी लागल्यापासून तर सगळ्यांना थाप मारायला हक्काची जागा मिळाली होती.

आणि पाटीच्या नेमकी खाली, सरळ रेषेत, बटणांची डबी.

देवश्री आत धावली, टाचा उंचावल्या आणि थाप मारली. काही नाही. आणखी जोरात मारली.

भोंगा! पाचवा दिवा!

"अगं, बंद कर!" आई ओरडली.

"थांब, ऐकू दे जरा!" देवश्री नाचत होती.

तिला तिथल्या तिथे पाटी उचकटायची होती. अंबिकाने तिचा हात धरला. "नाही. पाटी दादांनी लावली आहे. उतरवायची तर त्यांच्यासमोर. नाहीतर म्हणतील, पोरीनेच तोडलं."

रविवारी दहा वाजता काका आले. मागे सदू वायरमन, त्याच्या खांद्याला हत्यारांची पिशवी आणि हातात दुकानातले रिकामे खोके, सामान भरायला. खोके बघून देवश्रीची कानशिलं तापली, पण ती गोड हसली.

"काका, सदूमामांनी तुमची पाटी बघितली नाही ना? दाखवा की."

काकांना एवढंच हवं होतं. "सदू, हे बघ. इथवर पाणी होतं, इथवर!" आणि मारली थाप. भोंगा कडाडला. "बघितलंस?" काका ओरडले. "हे असं! माणूस घरात आला की सुरू!"

देवश्रीने दिवा दाखवला, आकडे दाबले. "परत मारा, काका."

"काय?"

"थाप. परत मारा."

काकांनी मारली. भोंगा. तिसऱ्यांदा जरा हळूच मारली. तरीही भोंगा. सदूने तोंडावर रुमाल धरला, पण त्याचे खांदे हलत होते.

"भोंगा बिघडलेला नाही, काका," देवश्री म्हणाली. "तुमच्या पाटीचा स्क्रू त्याला टोचतोय, म्हणून तो बोंबलतोय. दुसरा कोण असता तरी बोंबललाच असता."

"देवू, जपून बोल," अंबिका म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

सदू पुढे झाला. देवश्रीने हात पुढे केला. "मामा, स्क्रूड्रायव्हर द्या. काम मी करते." तिने आधी वर जाऊन वीज तोडली, बॅटरी सोडवली, मग पाटी उतरवली. भोकाभोवतालचं प्लास्टर टोकरलं तर आत वायर, आणि तिचा एका बाजूने स्क्रूने लचका तोडलेला. तांब्याचे दोन केस तेवढे एकमेकांना चिकटून होते. थाप बसली की सुटायचे, थाप सरली की परत चिकटायचे.

"आयला," सदू म्हणाला, "हा मला मुळीच सापडला नसता."

तिने वायर कापली, सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. मग पाटी उचलून काकांच्या हातात दिली. "वीतभर डावीकडे लावा. पाणी काय एकाच जागी उंच नव्हतं, काका. तिकडे लावली तरी खोटं होत नाही."

पाटी तिकडे लागली, वीज आली. काकांनी नव्या जागी थाप मारली. शांतता. जुन्या जागी मारली. शांतता. काका घसा खाकरून म्हणाले, "बरं. हे झालं. पण उद्या परत बिघडलं तर? बसवणारा कुठे आहे?"

"बसवणारा आखातात आहे. बघणारी इथे आहे." देवश्रीने वही उघडून त्यांच्यासमोर धरली. कुठली वायर कुठून कुठे जाते, बॅटरी कधी बदलली, कुठला दिवा कशाचा, सगळं रंगीत पेनांनी काढलेलं. "हर्षददादाने एवढं लिहून ठेवलं असतं तर मला महिनाभर काशीबाईंची बोलणी खावी लागली नसती."

काकांनी वही उलटसुलट बघितली आणि अंबिकाकडे बघितलं. ती मशीनजवळ ताठ उभी होती.

"दादा, तुम्हीच म्हणाला होतात, भोंगा आहे तोवर राहा," ती म्हणाली. "भोंगा आहे. गणपतीला आम्ही येऊ, पिशवी घेऊन. विसर्जन झालं की परत. त्यानंतरच्या सोमवारपासून क्लास."

काका काही वेळ पाटीवरचं आपल्या दुकानाचं नाव वाचत राहिले. मग म्हणाले, "सदू, ते खोके उचल."

"खोके राहू देत," अंबिका म्हणाली. "चिंध्या ठेवायला होतील."

ते गेल्यावर देवश्री माळ्यावर चढली. हर्षदच्या मेलेल्या नंबरावर तिने नवा कागद चिकटवला: देखभाल, देवश्री. त्याखाली स्वतःचा नंबर. मग मुद्दाम, अगदी मुद्दाम, झाकण उचललं आणि भोंग्याला दहापर्यंत मोजून मनसोक्त बोंबलू दिलं.

"आता कोण आला गो?" रस्त्यावरून काशीबाई.

"कुणी नाही!" देवश्री माळ्याच्या खिडकीतून ओरडली. "आम्ही इथेच आहोत, एवढंच सांगत होते!"