दोघांत एक कागद

विषुववृत्त ओलांडताना नवख्याला खरकट्याच्या पिंपात बसवायचं आणि त्याचं डोकं भादरायचं, ही जहाजावरची जुनी रीत. पूर्वी ओलांडल्याचा कागद ज्याच्यापाशी असेल, तो सुटला. आठवडाभर कुक त्या पिंपात भाजीची देठं, नासलेलं दूध, माशांची आतडी साठवत होता. आपल्यासाठीच साठवतोय हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

"कुकचा कागद कुठाय?" सारंगाने सगळ्यांदेखत विचारलं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि कुकच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पूर्वी दाजी-दाजी करत मागे फिरायचा. तीन वर्षांपूर्वी ताई गेली, तेव्हापासून नुसतं 'कुक'.

"मला विचारतोस? आपण दोघं एकाच पिंपात बसलो होतो!"

"मला नाही आठवत."

कुकच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचावन्नाव्या वर्षी पोरासोरांपुढे डोकं भादरून घ्यायचं, तेही मेहुण्याच्या हातून? तो कप्तानाकडे वळला. "साहेब, याच्या खोलीतली चौकट मागवा. त्या चिक्कू जहाजावर दोघांत एकच कागद मिळाला होता."

चौकट आली. काचेआड नाव एकच, सारंगाचं. कप्तानाने मागचा पुठ्ठा काढला, तर कागदाचा खालचा भाग मागे दुमडलेला, आणि त्यावर कुकचं नाव. खलाशी खो खो हसले.

"कुकला सोडा," कप्तान म्हणाला.

सारंग काही ओशाळला नाही. "फाडणारच होतो. पण चौकट ताईने करून दिलेली, हात धजला नाही. शेवटी महिनाभर तिचे डोळे दाराकडे होते. तुझ्या जहाजाला तीन बंदरं लागली. एकात तरी उतरलास?"

उतरला नव्हता. 'पुढच्या बंदरात नक्की' असं तिन्ही वेळा कळवलं होतं. कुकने एप्रन काढला, कठड्यावर टाकला आणि आपणहून पिंपात जाऊन बसला. घाण छातीपर्यंत आली. आता कुणी हसत नव्हतं.

"कर तुझं काम," तो मान खाली घालून म्हणाला.

सारंग वस्तरा घेऊन जवळ आला. मग त्याने वस्तरा मिटून खिशात टाकला.

"ऊठ. खरकट्यात बसून फिटतं होय? ऊठ, कुक. संध्याकाळचा स्वयंपाक बघ."